ग्रे, झेन

(३१ जानेवारी १८७२ – २३ ऑक्टोबर १९३९). अमेरिकेच्या पश्चिम भागातील जीवनावर लिहिणारा विख्यात लोकप्रिय कादंबरीकार. संपूर्ण नाव पर्ल झेन ग्रे. काउबॉय, बंदूकधारी, वाळवंट आणि एकाकी गुरचराई यांच्याभोवती गुंफलेल्या ज्या साहसकथेला ‘वेस्टर्न’ असे म्हणतात, त्या कथाप्रकाराला विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिर रूप देणाऱ्या लेखकांत ग्रेचे स्थान अग्रभागी आहे. त्याच्या नावावर सु. ९० पुस्तके असून त्यांपैकी बहुसंख्य कादंबऱ्या आहेत. बेसबॉल व मासेमारी ह्या विषयांवरील त्याची पुस्तकेही प्रसिद्ध आहेत. त्याच्या कथांवर शंभराहून अधिक चित्रपट निघाले. समीक्षकांनी त्याला दीर्घकाळ दुय्यम लेखले. तथापि अमेरिकन पश्चिमेचे जे चित्र जगभरच्या वाचकांच्या व प्रेक्षकांच्या मनावर ठसले आहे, त्याचा फार मोठा भाग ग्रेच्या लेखनातून आलेला आहे.

पूर्ववृत्त : ग्रेचा जन्म ओहायओ राज्यातील झेन्सव्हिल येथे झाला. हे गाव त्याच्या आईचा पूर्वज एबनीझर झेन ह्याने वसविले होते. एबनीझरची बहीण बेटी झेन हिने १७८२ मध्ये फोर्ट हेन्री ह्या गढीला वेढा पडला असता शत्रूच्या माऱ्यातून धावत जाऊन बंदुकीची दारू आणली, अशी कथा त्या प्रदेशात प्रसिद्ध आहे. सरहद्दीवरील वसाहतकारांचा हा वारसा ग्रेच्या कल्पनाविश्वाचा पहिला आधार ठरला. वडील लूइस ग्रे हे दंतवैद्य व करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. कुमारवयात झेनने लिहिलेली पहिली कथा त्यांनी फाडून टाकली व त्याला मारहाणही केली. मुलाने आपलाच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. १८९० च्या सुमारास आर्थिक नुकसानीमुळे कुटुंबाला झेन्सव्हिल सोडून ओहायओमधीलच कोलंबस येथे जावे लागले. तेथे झेन वडिलांच्या हाताखाली दातांची लहानसहान कामे करीत असे.

ग्रे हा उत्तम बेसबॉलपटू होता. ह्या खेळातील नैपुण्यामुळे त्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ मध्ये तो दंतवैद्यकाचा पदवीधर झाला. विद्यार्थी म्हणून मात्र तो सामान्यच होता. नंतर काही काळ तो दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक संघांतून खेळला. त्याचा धाकटा भाऊ रोमर हाही व्यावसायिक खेळाडू होता व पुढे ग्रेच्या बहुतेक प्रवासांत तो त्याचा सोबती राहिला. *द शॉर्ट-स्टॉप* (१९०९), *द यंग पिचर* (१९११) यांसारखी ग्रेची बेसबॉलवरील पुस्तके ह्या अनुभवातून निर्माण झाली. पदवीनंतर त्याने न्यूयॉर्क शहरात दवाखाना थाटला व पर्ल हे पहिले नाव टाकून देऊन डॉ. झेन ग्रे ह्या नावाने व्यवसाय सुरू केला. दंतवैद्यकात त्याचे मन नव्हते. दिवसा दवाखाना व रात्री लेखन असा त्याचा क्रम होता. सुटी मिळताच तो पेनसिल्व्हेनियातील लॅकवॅक्सन येथे, डेलावेअर नदीच्या काठी, मासे धरण्यासाठी जाई. तेथील अनुभवावर त्याने लिहिलेला लेख १९०२ मध्ये एका नियतकालिकात छापून आला. हे त्याचे पहिले प्रकाशित लेखन होय.

लॅकवॅक्सन येथेच १९०० मध्ये त्याची लीना एलिस रॉथ हिच्याशी ओळख झाली. ग्रे तिला डॉली म्हणत असे व त्याच नावाने ती ओळखली जाते. १९०५ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यांना रोमर, बेटी व लोरेन अशी तीन मुले झाली. विवाहाच्या सुमारास ग्रेने दवाखाना बंद केला आणि दोघे लॅकवॅक्सनला राहू लागली. उत्पन्नाचा अन्य मार्ग नसताना केवळ लेखनावर जगण्याचा हा निर्णय डॉलीला वारशाने मिळालेल्या पैशामुळेच शक्य झाला.

वेस्टर्नची पूर्वपरंपरा : ग्रेने लेखनास आरंभ केला तेव्हा पश्चिमेची कथा नवी नव्हती. जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरण्यवासी नायकाची निर्मिती केली होती. १८६० पासून दहा सेंट किंमतीच्या स्वस्त कादंबऱ्यांनी, म्हणजे ‘डाइम नॉव्हेल्स’नी, दरोडेखोर, शिकारी आणि वाटाडे ह्यांची भडक साहसे घरोघर पोहोचविली. ओवेन विस्टर ह्याच्या *द व्हर्जिनियन* (१९०२) ह्या कादंबरीने काउबॉयला प्रतिष्ठित वाङ्‌मयात प्रवेश मिळवून दिला. दरम्यान प्रत्यक्ष परिस्थिती पालटली होती. वसाहतीची सलग सरहद्दरेषा आता दाखविता येत नाही, असे १८९० च्या जनगणनेच्या अहवालात नमूद झाले आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर ह्या इतिहासकाराने अमेरिकन स्वभावाची घडण ह्या सरहद्दीवरच झाली, असा सिद्धांत मांडला. म्हणजे सरहद्द नाहीशी झाली त्याच सुमारास ती राष्ट्राच्या आत्मप्रतिमेचा आधार बनली. ग्रेचे वाचक ह्या संधिकाळातील होते. त्यांच्यापैकी पुष्कळजण शहरांत राहणारे, कचेऱ्यांतून व कारखान्यांतून काम करणारे होते. गमावलेल्या मोकळ्या भूमीची त्यांची ओढ ग्रेने अचूक ओळखली, कारण दवाखान्यात कोंडलेल्या त्याची स्वतःची ओढही तीच होती.

लेखनाचा आरंभ : *बेटी झेन* (१९०३) ही त्याची पहिली कादंबरी आपल्या पूर्वजांच्या पराक्रमावर आधारलेली आहे. प्रकाशक न मिळाल्यामुळे ती खाजगी रीत्या छापून घ्यावी लागली. *द स्पिरिट ऑफ द बॉर्डर* (१९०६) व *द लास्ट ट्रेल* (१९०९) ह्या पुढील दोन कादंबऱ्यांसह ओहायओ नदीच्या परिसरावरील ही त्रयी पूर्ण होते. ह्या तिन्ही कथांवर कूपरची छाया स्पष्ट आहे. त्यांतील अरण्य ग्रेने मुख्यतः कौटुंबिक आठवणींतून व वाचनातून उभे केलेले आहे.

१९०७ हे वर्ष त्याच्या जीवनाला कलाटणी देणारे ठरले. चार्ल्स जेसी जोन्स ऊर्फ ‘बफेलो’ जोन्स हा एकेकाळचा गव्यांचा शिकारी उरलेल्या गव्यांचे रक्षण करण्याच्या खटपटीत होता. न्यूयॉर्कमध्ये ह्या जोन्सशी ग्रेची गाठ पडली. डॉलीने दिलेल्या पैशावर ग्रे त्याच्याबरोबर ॲरिझोनात गेला. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडील पठारावर जोन्स प्यूमा ह्या हिंस्र पशूंना दोरखंडाच्या फासात जिवंत पकडीत असे. त्या मोहिमेत ग्रे सामील झाला. जिम एमेट हा मॉर्मन पंथीय वसाहतकार ह्या वाळवंटी प्रवासात त्याचा मार्गदर्शक होता. ह्या अनुभवावर लिहिलेले *द लास्ट ऑफ द प्लेन्समेन* (१९०८) हे पुस्तक हार्पर ह्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने नाकारले. इतकेच नव्हे, तर लेखकाला कथनाची वा कादंबरीलेखनाची शक्ती असल्याचे त्यात काहीच दिसत नाही, अशा आशयाचा अभिप्रायही दिला. पुस्तक अखेर अन्यत्र प्रसिद्ध झाले. ग्रे खचला, पण त्याने वाळवंट सोडले नाही. *द हेरिटेज ऑफ द डेझर्ट* (१९१०) ही कादंबरी त्याच हार्परने स्वीकारली व ती यशस्वी झाली. पूर्वेकडून आलेला, प्रकृतीने खचलेला जॉन हेर हा तरुण वाळवंटात मरणोन्मुख स्थितीत पडलेला असताना ऑगस्ट नाब हा मॉर्मन पशुपालक त्याला वाचवितो आणि त्या कठोर भूमीत हेरला नवा जन्म मिळतो, असे तिचे कथानक आहे. नाबची व्यक्तिरेखा एमेटवरून सुचलेली आहे. दुबळा शहरी पुरुष, त्याला घडविणारे वाळवंट, त्याला सामर्थ्य देणारी स्त्री आणि अखेरचा निर्णायक संघर्ष हा ग्रेच्या पुढील बहुतेक कादंबऱ्यांचा साचा येथेच तयार झाला.

‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ : ह्या नावाची कादंबरी (१९१२, म. शी. जांभळ्या सेजरानातील घोडेस्वार) ही ग्रेची सर्वांत प्रसिद्ध कृती. सेज हे पश्चिमेच्या कोरड्या पठारांवर पसरलेले सुवासिक झुडूप आहे. त्याच्या जांभळट छटेवरून हे शीर्षक आले आहे. हार्परच्या संपादकाने प्रारंभी ही कादंबरीही नाकारली होती. ग्रेने संस्थेतील वरिष्ठांकडे दाद मागितल्यानंतर ती स्वीकारली गेली.

कथा १८७१ मध्ये दक्षिण उटातील एका मॉर्मन वस्तीत घडते. जेन विदरस्टीन ही वडिलांकडून मोठी गुरचराई व पाण्याचा झरा वारशाने मिळालेली तरुणी पंथातील टल ह्या वडीलधाऱ्याशी विवाह करण्याचे नाकारते व पंथाबाहेरच्या लोकांना आश्रय देते. टलला अगोदरच्या पत्नी आहेत. जेनला वठणीवर आणण्यासाठी तिची गुरे पळविली जातात, तिची माणसे फोडली जातात. अशा वेळी काळा पोशाख केलेला लॅसिटर हा बंदूकधारी तेथे येतो. तो आपल्या हरवलेल्या बहिणीचा माग काढीत अनेक वर्षे भटकत आहे. दुसऱ्या एका कथासूत्रात व्हेंटर्स हा जेनचा मित्र गुरेचोरांच्या टोळीतील एका बुरखेधारी स्वाराला गोळी घालून जखमी करतो. तो स्वार म्हणजे एक मुलगी आहे, हे लक्षात आल्यावर तो उंच कड्यांनी वेढलेल्या एका अज्ञात दरीत तिची शुश्रूषा करतो. अखेरीस पाठलाग होत असताना लॅसिटर त्या दरीच्या तोंडावरील तोल सांभाळून उभा असलेला प्रचंड खडक लोटून देतो आणि तो, जेन व त्यांनी सांभाळलेली लहान मुलगी बाहेरच्या जगापासून कायमची अलग होतात.

ह्या कादंबरीचे सामर्थ्य तिच्या स्थळचित्रणात आहे. लाल कडे, वादळापूर्वीचा प्रकाश, सेजच्या मैदानावरून उठणारी धूळ ह्यांचे वर्णन केवळ पार्श्वभूमी राहत नाही. पात्रांनी काय करावे हे ती भूमीच ठरविते. झरा ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती वस्तीचे जीवन, हे कोरड्या प्रदेशाचे अर्थकारण कथानकाच्या मुळाशी आहे. कादंबरीची उणीवही तितकीच स्पष्ट आहे. मॉर्मन पुढारी येथे जवळजवळ एकजात कपटी व जुलमी रंगविले आहेत. मॉर्मन चर्चने बहुपत्नीकत्वाची प्रथा १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली असली, तरी त्या प्रथेविषयी वाचकांच्या मनात कुतूहल व रोष दोन्ही होते आणि ग्रेने त्यांचा पुरेपूर उपयोग केला. ज्याने नाबसारखा उदात्त मॉर्मन रंगविला, त्याच लेखकाने दोनच वर्षांनी हे चित्र काढावे, ही गोष्ट त्याच्या कथांतील सज्जन-दुर्जन विभागणी कितपत वाचकांच्या अपेक्षेवर बेतलेली होती, हे दर्शविते. ह्या कथेचा उत्तरभाग *द रेनबो ट्रेल* (१९१५) ह्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यासाठी ग्रेने १९१३ मध्ये जॉन वेदरिल ह्या वाटाड्याबरोबर उटातील रेनबो ब्रिज ह्या नैसर्गिक दगडी कमानीपर्यंतचा बिकट प्रवास केला होता.

यशाची वर्षे : १९१२ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत ग्रे हा अमेरिकेतील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक झाला. १९१७ ते १९२४ ह्या काळात त्याची एखादी तरी कादंबरी दरवर्षी सर्वाधिक खपाच्या पहिल्या दहा पुस्तकांत असे. त्यांतील *द यू. पी. ट्रेल* (१९१८) व *द मॅन ऑफ द फॉरेस्ट* (१९२०) ह्या दोन कादंबऱ्या आपापल्या वर्षी प्रथम स्थानी होत्या. त्याच्या विषयांचा पल्ला समजतो त्यापेक्षा मोठा आहे. *द लाइट ऑफ वेस्टर्न स्टार्स* (१९१४) मध्ये पूर्वेकडील एक श्रीमंत तरुणी गुरचराई विकत घेऊन स्वतः चालविते. *द लोन स्टार रेंजर* (१९१५) चा नायक टेक्ससमधील फरारी आहे. *द यू. पी. ट्रेल* मध्ये १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या उभारणीची कथा आहे, तर *टू द लास्ट मॅन* (१९२१) ही ॲरिझोनाच्या टोंटो खोऱ्यात १८८० नंतरच्या दशकात दोन कुटुंबांत पेटलेल्या खऱ्या रक्तरंजित वैरावर आधारलेली आहे. *वॉन्डरर ऑफ द वेस्टलँड* (१९२३) मध्ये आपल्या हातून भावाचा वध झाला, ह्या समजुतीने वाळवंटात वर्षानुवर्षे भटकणाऱ्या माणसाचे प्रायश्चित्त रंगविले आहे. *द थंडरिंग हर्ड* (१९२५) मध्ये टेक्ससमधील गव्यांच्या कत्तलीचे चित्रण आहे. ह्या कथांपैकी अनेक प्रथम नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या व त्यांत स्त्रियांच्या नियतकालिकांचाही समावेश होता. वेस्टर्न हे केवळ पुरुषांचे वाचन आहे, ही समजूत ग्रेच्या बाबतीत खरी ठरत नाही.

कादंबरीची जागा स्वतः पाहिल्याशिवाय लिहावयाचे नाही, अशी त्याची पद्धत होती. घोड्यावरून आठवडेच्या आठवडे तो प्रवास करी, टिपणवह्यांत रंग, वनस्पती, हवामान व बोलीतील शब्द नोंदवून घेई आणि घरी परतल्यावर आरामखुर्चीत बसून, मांडीवर फळी घेऊन अतिशय वेगाने लिहीत सुटे. मध्येच कित्येक आठवडे त्याला विषण्णतेचे झटके येत. त्या काळात लेखन पूर्ण थांबे.

डॉली ग्रेचा वाटा : ह्या वाङ्‌मयीन उद्योगाचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे त्याची पत्नी डॉली. तिचे शिक्षण न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमध्ये झाले होते. ग्रेचे शुद्धलेखन, व्याकरण व विरामचिन्हे सदोष असत. त्याची हस्तलिखिते तपासणे, वाक्यरचना सुधारणे, सुवाच्य प्रत तयार करणे ही कामे तिने वर्षानुवर्षे केली. प्रकाशक, नियतकालिके व चित्रपटसंस्था ह्यांच्याशी होणारे करार आणि घरचे अर्थकारण तीच पाहत असे. ग्रे वर्षातील कित्येक महिने घराबाहेर असे. त्याच्या प्रवासांत तरुण स्त्रिया सोबत असत आणि त्यांच्याशी असलेले त्याचे संबंध डॉलीला ठाऊक होते. ह्या दांपत्याच्या पत्रव्यवहारातून तिला झालेले क्लेश आणि तरीही टिकून राहिलेला परस्परविश्वास दोन्ही दिसून येतात. टॉमस पॉली ह्याच्या २००५ मधील चरित्रग्रंथाने ही बाजू साधार उजेडात आणली. एकपत्नीनिष्ठ प्रेमाचा व निर्मळ आचाराचा पुरस्कार करणाऱ्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याचे स्वतःचे जीवन त्यांहून वेगळे होते, एवढाच ह्याचा अर्थ नाही. एकाकी, स्वयंपूर्ण पुरुषाचे गुणगान करणारे हे लेखन प्रत्यक्षात एका स्त्रीच्या अखंड व अनामिक श्रमावर उभे होते, ही गोष्ट ग्रेचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. मुखपृष्ठांवर तिचे नाव नव्हते.

‘द व्हॅनिशिंग अमेरिकन’ : ग्रेच्या कादंबऱ्यांत ही (१९२५, म. शी. लोपत चाललेला अमेरिकन) सर्वांत धाडसी व तिचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. नोफाये हा अमेरिकन इंडियन नायक बालपणीच गोऱ्यांच्या हाती पडून पूर्वेकडे शिकतो, खेळाडू म्हणून नाव मिळवितो व पुढे आपल्या लोकांच्या राखीव प्रदेशात परततो. तेथील सरकारी अधिकारी व मिशनरी त्याच्या जमातीची पिळवणूक करीत आहेत. मॅरियन ही गोरी तरुणी त्याच्यावर प्रेम करते. पहिल्या महायुद्धात ह्याच जमातीचे तरुण अमेरिकेसाठी लढावयास जातात. १९२२-२३ मध्ये एका स्त्रियांच्या नियतकालिकातून ही कथा क्रमशः प्रसिद्ध होताच मिशनऱ्यांच्या चित्रणाविरुद्ध तक्रारींचा ओघ सुरू झाला. प्रकाशक बिचकले. इंडियन पुरुष व गोरी स्त्री ह्यांचे मीलनही त्यांना अडचणीचे वाटले. परिणामी १९२५ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा त्यातील टीकेची धार बोथट करण्यात आली व नायकाचा मृत्यू दाखविण्यात आला. ग्रेच्या मूळ संहितेनुसार सिद्ध केलेली आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर, १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली.

लोकप्रिय लेखकाच्या स्वातंत्र्याची मर्यादा ह्या प्रकरणातून स्पष्ट होते. ज्या वाचकवर्गाने ग्रेला संपत्ती दिली, त्याच वर्गाच्या समजुतींनी त्याच्या लेखणीला कुंपण घातले. इंडियन जमाती लोप पावणार हे विधिलिखितच आहे, ही ग्रेची स्वतःची धारणाही त्या काळच्या पूर्वग्रहापासून मुक्त नव्हती. पुढील इतिहासाने ती खोटी ठरविली. नॅव्हाहो जमात आज अमेरिकेतील सर्वांत मोठ्या इंडियन समाजांपैकी एक आहे.

मासेमारी व उत्तरायुष्य : १९१८ मध्ये ग्रे कुटुंब कॅलिफोर्नियात आले आणि १९२० मध्ये त्यांनी ॲल्टाडीना येथे मोठे घर घेतले. सँटा कॅटलीना बेटावरील ॲव्हलॉन येथे ग्रेने इंडियन वास्तुशैलीत दुसरे घर बांधले. लेखनाच्या उत्पन्नाचा मोठा भाग खोल समुद्रातील मासेमारीवर खर्च होई. नोव्हा स्कोशिया, न्यूझीलंड, ताहिती व ऑस्ट्रेलिया येथे त्याने मोहिमा काढल्या. १९२४ मध्ये त्याने ७५८ पौंड (सु. ३४४ किग्रॅ.) वजनाचा ट्यूना आणि १९३० मध्ये ताहितीजवळ १,०४० पौंड (सु. ४७२ किग्रॅ.) वजनाचा मार्लिन गळाने पकडला. गळ व दोरी ह्या साधनांनी हजार पौंडांहून जड मासा पकडल्याची ती पहिली नोंद मानली जाते. *टेल्स ऑफ फिशेस* (१९१९), *टेल्स ऑफ द अँग्लर्स एल्डोराडो, न्यूझीलंड* (१९२६) ही ह्या विषयावरील त्याची पुस्तके जाणकारांत मान्यता पावलेली आहेत. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्स ह्या परिसराला मासेमारीचे केंद्र म्हणून जागतिक प्रसिद्धी मिळण्यास त्याचे लेखन बरेच कारणीभूत झाले. ऑस्ट्रेलियात *व्हाइट डेथ* (१९३६) ह्या चित्रपटात त्याने स्वतः कामही केले.

ॲरिझोनाशी असलेला त्याचा संबंध मात्र दुराव्याने संपला. मोगोलॉन रिम ह्या कड्याच्या पायथ्याशी, पेसननजीक त्याचे शिकारीचे लाकडी घर होते. शिकारीच्या हंगामाबाहेर अस्वल मारण्याची परवानगी राज्याच्या अधिकाऱ्यांनी नाकारल्यामुळे १९३० च्या सुमारास त्याने रागाने ते राज्य कायमचे सोडले. त्याच सुमारास जागतिक मंदीमुळे पुस्तकांचा खप व नियतकालिकांचा मोबदला घटला. समुद्रप्रवासांचा व जहाजांचा खर्च डोईजड झाला. १९३७ मध्ये ऑरेगनमध्ये मासेमारी करीत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून सावरून तो पुन्हा लिहू लागला. तारायंत्राची वाहिनी टाकणाऱ्या कामगारांवरील *वेस्टर्न युनियन* ही कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ॲल्टाडीना येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याची बरीच अप्रकाशित हस्तलिखिते मागे राहिली होती. ती पुढे कित्येक वर्षे नव्या कादंबऱ्यांच्या रूपाने प्रसिद्ध होत राहिली. डॉलीचे निधन १९५७ मध्ये झाले. दोघांच्याही अस्थी लॅकवॅक्सन येथे आहेत.

चित्रपट : ग्रेच्या कथा व अमेरिकन चित्रपट ह्यांची वाढ एकाच काळातील. त्याने काही काळ स्वतःची चित्रपटसंस्था चालविली व नंतर ती जेसी लास्की ह्यास विकली. लास्कीची संस्था पुढे पॅरामाउंट ह्या नावाने ख्यातनाम झाली. कथेतील प्रत्यक्ष स्थळीच चित्रण व्हावे असा ग्रेचा आग्रह असे. त्यामुळे ॲरिझोना व उटातील कडे-पठारे पडद्यावर आली आणि तीच पुढे वेस्टर्न चित्रपटाची ओळख ठरली. *रायडर्स ऑफ द पर्पल सेज* वर १९१८, १९२५, १९३१ व १९४१ मध्ये चित्रपट आणि १९९६ मध्ये दूरचित्रवाणीपट निघाला. १९२५ च्या चित्रपटात टॉम मिक्सने लॅसिटरची भूमिका केली होती. गॅरी कूपर व रँडॉल्फ स्कॉट ह्या नटांच्या उमेदवारीच्या काळातील काही भूमिका ग्रेच्या कथांतील आहेत. हेन्री हॅथवे ह्याने दिग्दर्शनास आरंभ *हेरिटेज ऑफ द डेझर्ट* (१९३२) पासून केला, तर फ्रिट्स लांग ह्या जर्मन दिग्दर्शकाने *वेस्टर्न युनियन* (१९४१) पडद्यावर आणली. १९५६ ते १९६१ ह्या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर ग्रेच्या नावाने एक कथामाला चालली.

मूल्यमापन : कृत्रिम संवाद, योगायोगांवर हेलकावणारी कथानके, काळ्या-पांढऱ्या रंगांत विभागलेली पात्रे व भावविवशता हे ग्रेच्या लेखनातील दोष त्याच्या समकालीन समीक्षकांनी कठोरपणे दाखविले आणि ते खरेही आहेत. ह्या टीकेने ग्रे आयुष्यभर दुखावलेला राहिला. टी. के. व्हिपल ह्या समीक्षकाने मात्र १९२० नंतरच्या दशकातच निराळी दृष्टी सुचविली. ग्रेची तुलना वास्तववादी कादंबरीकारांशी न करता *बेवुल्फ* आणि आइसलँडची सागा-वाङ्‌मयपरंपरा ह्यांच्याशी करावी, असे त्याचे म्हणणे होते. ते स्वीकारले, तर पात्रांची सपाटता हा केवळ दोष राहत नाही. वीरकथेत व्यक्तिमनाच्या सूक्ष्म छटांपेक्षा कसोटीचा क्षण महत्त्वाचा असतो. १९७० नंतर लोकप्रिय वाङ्‌मयाचा गंभीर अभ्यास सुरू झाला, तेव्हा ग्रेकडेही पुन्हा लक्ष गेले. जेन टॉम्पकिन्स हिने आपल्या *वेस्ट ऑफ एव्हरीथिंग* (१९९२) ह्या ग्रंथात वेस्टर्नमधील पुरुषत्वाच्या कल्पनेची चिकित्सा करताना त्याच्या कादंबरीला महत्त्वाचे स्थान दिले.

ग्रेच्या गुणदोषांचे मूळ एकच आहे. भूमी हीच त्याच्या कथेची खरी नायिका असल्यामुळे तिच्यापुढे माणसे लहान व ठोकळेबाज होतात; आणि तिच्यामुळेच ती कथा आजही वाचवते. त्याने दाखविलेली पश्चिम ही अंशतः प्रत्यक्ष पाहिलेली, अंशतः कल्पिलेली आहे. पाहिलेला भाग म्हणजे दऱ्या, वारा, तहान व प्रकाश. कल्पिलेला भाग म्हणजे एका माणसाच्या बंदुकीने निर्णायकपणे मिळणारा न्याय. दुसरा भाग चित्रपटांनी उचलला, इतरांनी गिरविला व तो अमेरिकन राजकीय भाषेतही शिरला. पहिला भाग तितक्या निष्ठेने फार थोड्यांना साधला. मॅक्स ब्रँड (१८९२–१९४४) व लूइस लामूर (१९०८–८८) हे ह्या प्रकारातील नंतरचे अत्यंत लोकप्रिय लेखक ग्रेने तयार केलेल्या वाचकवर्गाचेच वारसदार होत.

लॅकवॅक्सन येथील ग्रेचे घर संग्रहालय म्हणून जतन केलेले असून १९८९ पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. ओहायओमधील नॉरिच येथील संग्रहालयातही त्याचे स्वतंत्र दालन आहे. पेसननजीकचे लाकडी घर १९९० च्या वणव्यात नष्ट झाले. त्याची प्रतिकृती पुढे पेसन येथे उभारण्यात आली. ॲल्टाडीना येथील निवासस्थान जानेवारी २०२५ मधील वणव्यात जळाले.